बिनीचे निशाण

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण कोणाला ठाऊक नाही? परंतु ती ज्या गावाची म्हणून सांगतात ते पेडगाव भीमाकाठचे, बहादूरगडाचे. गोदावरी आणि पूर्णा यांच्यामधले, परभणीहून मानवत रोडकडे जाताना लागणारे पेडगाव निराळे. आगगाडी नव्हती, हाती नकाशा नव्हता, तेव्हा वाटसरूला नुसत्या नावावर विसंबून भागत नसे. ‘कोणत्या नदीकाठचे?’ हे आधी विचारावे लागे.

एकट्यादुकट्याची ही गत, मग हजारोंच्या लष्कराचे काय? दिवसा सूर्य व रात्री ध्रुव दिशा दाखवीत. पण पाणी कोठे, चारा कोठे, नदीला उतार कोठे, हे जासुदाने किंवा गावच्या वाटाड्यानेच सांगावे. मराठी फौजेत मुक्कामाची जागा शोधण्याचे काम बिनीवाल्याकडे असे. 1809 साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने याचे वर्णन केले आहे. बिनीवाला आधी पुढे जाऊन पांढरे निशाण रोवी. तेथे शिंद्यांची देवडी उभी राही, आणि मग बाजाराच्या दोन लांबच लांब समांतर ओळी लागत. त्यांच्या डावीउजवीकडे सरदारांचे तळ. मुक्काम रोज नवा, पण रचना तीच. त्यामुळे अपरात्री आलेल्या स्वारालाही आपला तंबू सापडे.

या माहितीचे मोल केवढे, हे पानिपतने दाखविले. उदगीरच्या विजयानंतर मार्च 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंची स्वारी परतूरहून उत्तरेस निघाली. परतूर आपल्या पेडगावच्या शेजारच्याच मुलखातले. गोदावरीचे उतार या लोकांच्या पायाखालचे. यमुनेचे मात्र परके. पावसाळाभर यमुनेला पूर आणि पलीकडे अब्दाली. ऑक्टोबरात मराठ्यांनी कुंजपुरा जिंकला. इतक्यात अब्दाली बागपताजवळ नदी उतरून अलीकडे आला आणि दिल्लीची वाटच तुटली. पुढे 14 जानेवारी 1761 ला जे झाले त्याला कारणे अनेक. पण धान्यावाचून झालेल्या हालांचे एक मूळ त्या उतारात आहे.

आज खिशातल्या फोनवर संपर्काविनाही नकाशा उघडतो, आणि दोन्ही पेडगावे वेगळी दिसतात. तरी ओढ्याला आज पाणी किती, रात्री राहुटी ठोकायला माळ बरा की काळी जमीन, हे गावकऱ्यालाच विचारावे. बिनीवालाही तेच करी.