रेडिया पर्लमन आणि स्वतः सावरणारी नेटवर्क

रेडिया पर्लमन यांचा जन्म १९५१ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात पोर्ट्‌समथ येथे झाला. एमआयटीत त्यांनी गणित घेतले. तिथेच सत्तरच्या दशकात त्यांनी टॉर्टिस ही प्रणाली बनवली. तिच्यामुळे साडेतीन-चार वर्षांची, वाचताही न येणारी मुले बटणे दाबून जमिनीवरचे यांत्रिक कासव चालवू शकत. यंत्र वापरणाऱ्याला त्याच्या पोटातली गुंतागुंत कळावी लागू नये, हा आग्रह पुढे त्यांच्या सगळ्या संशोधनात दिसतो. पदव्युत्तर शिक्षणानंतर त्या आधी इंटरनेटचे पूर्वरूप असलेले अर्पानेट उभारणाऱ्या बीबीएन कंपनीत आणि १९८० साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे ‘डेक’मध्ये गेल्या.

त्याच वर्षी, २७ ऑक्टोबर रोजी, अर्पानेट काही तास ठप्प झाले. या जाळ्यातला प्रत्येक नोड, म्हणजे संदेश पुढे पाठवणारे यंत्र, आपल्या जोडण्यांची स्थिती संदेशाने सर्वांना कळवी. त्या माहितीवरून प्रत्येक नोड डाइक्स्ट्राच्या अल्गोरिदमने जवळची वाट काढी. नवा संदेश कोणता हे ओळखण्यासाठी त्यावर ० ते ६३ यांपैकी एक अनुक्रमांक असे; ६३ झाले की पुन्हा ०. त्या दिवशी बिट हरवल्यामुळे एकाच नोडचे ८, ४० आणि ४४ असे तीन क्रमांकांचे संदेश एकदम फिरू लागले. चक्राकार मोजणीत ४० हा ८ च्या पुढचा, ४४ हा ४० च्या पुढचा आणि ८ पुन्हा ४४ च्या पुढचा! प्रत्येक संदेश दुसऱ्याहून नवा ठरत राहिला आणि नोड तेच तीन संदेश एकमेकांकडे ढकलत बसले. मूळ बिघाड झालेले यंत्र बंद करून भागणार नव्हते. संदेश सगळीकडे पोचले होते. शेवटी त्या नोडचे संदेश सोडून द्यावेत अशी दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये करावी लागली.

पर्लमन यांनी १९८३ साली यावर उपाय मांडला: अनुक्रमांक मोठा आणि सरळ चढता ठेवायचा, आणि प्रत्येक संदेशाला वय द्यायचे, म्हणजे शिळा झालेला संदेश आपोआप बाद होईल. बिघाडाचे कारण दूर झाल्यावर जाळे माणसाच्या मदतीविना पूर्ववत व्हावे, ही त्यामागची अट होती. आयएस-आयएस आणि ओएसपीएफ या आजच्या राउटिंग प्रोटोकॉलांनी हे तत्त्व उचलले.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम मात्र इथरनेट या स्थानिक जाळ्यांच्या तंत्राशी निगडित आहे. अनेक इथरनेट जाळी ब्रिज नावाच्या जोडयंत्रांनी जोडली आणि दोन ठिकाणांमध्ये एकाहून अधिक वाटा निर्माण झाल्या, की फ्रेम, म्हणजे पाठवलेला माहितीचा तुकडा, गोल फिरत राहते. ती किती टप्पे फिरली याची नोंद इथरनेटच्या फ्रेममध्ये नसल्याने ती संपत नाही, उलट तिच्या प्रती वाढत जातात. बरे, वाटा काढून टाकाव्यात तर एक केबल तुटताच जाळे दुभंगते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या स्पॅनिंग ट्री अल्गोरिदमने ही कोंडी फोडली. सर्वांत लहान ओळखक्रमांकाचा ब्रिज मूळ ठरतो. बाकीचे ब्रिज आपापला तिथवरचा जवळचा मार्ग ठेवतात आणि जादा पोर्ट बंद करतात. वाट तुटली की बंद पोर्ट पुन्हा उघडतो. जाळे कितीही मोठे झाले तरी ब्रिजला या कामासाठी लागणारी मेमरी वाढत नाही, हे या रचनेचे खरे सौंदर्य. शोधनिबंधात पर्लमन यांनी या अल्गोरिदमवर कविताही लिहिली आहे. पुढे ही पद्धत आयट्रिपलई ८०२.१डी या मानकात आली.

१९८८ साली त्यांनी एमआयटीतूनच पीएच.डी. मिळवली. प्रबंधाचा प्रश्न आणखी कठीण होता: काही नोड मुद्दाम खोटी माहिती देत असतील, तरीही प्रामाणिक नोडांमधली पॅकेट पोचती कशी करायची? नेटवर्क सुरक्षेकडे त्या वळल्या त्या इथून. ‘इंटरकनेक्शन्स’ हे त्यांचे १९९२ चे पुस्तक या विषयाचे प्रमुख पाठ्यपुस्तक ठरले. नंतर त्यांनी नॉव्हेल, सन मायक्रोसिस्टिम्स आणि इंटेल येथे काम केले. २०१४ साली त्यांचा इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

स्पॅनिंग ट्रीत चांगल्या वाटा बंद पडून राहतात, हा दोष पर्लमन यांना स्वतःलाच खुपत होता. त्यासाठी त्यांनी ट्रिल ही पर्यायी पद्धत सुचवली आणि २०११ साली तिचे मानक प्रसिद्ध झाले. असंख्य स्विचमध्ये मात्र आजही स्पॅनिंग ट्रीच्याच सुधारित आवृत्त्या चालू आहेत.