औषध आले, रोग राहिला

गाईची कास सुजते, तापते, कठीण होते. दुधात गुठळ्या येतात. शेतकरी याला ‘दगडी’ म्हणतात, पशुवैद्यक ‘कासदाह’. जंतू सापडला आणि औषध मिळाले की रोग संपतो, असे आपण सहज म्हणतो. या रोगाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१८८७ साली फ्रान्समध्ये नोकार आणि मोलरो यांनी सांसर्गिक कासदाहामागे स्ट्रेप्टोकॉकस जंतू असल्याचे दाखवले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आले. सडाच्या छिद्रातून ते कासेत सोडले की हे जंतू मरत. पण त्यांची जागा स्टॅफिलोकॉकस ऑरियसने घेतली. हा जंतू कासेच्या ऊतींत दडून बसतो आणि त्याचे अनेक प्रकार पेनिसिलिनला दाद देत नाहीत.

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या दुग्धव्यवसाय संशोधन संस्थेत नीव्ह, डॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. जंतू एका गाईकडून दुसरीकडे जातो कसा? निरोगी दिसणाऱ्या गाईच्या कासेतही तो असतो. धार काढणाऱ्याचे हात, कास पुसण्याचे एकच फडके आणि यंत्राचे पेले तो पुढे पोचवतात. धार संपल्यावर सडाचे छिद्र काही वेळ उघडेच राहते. तेथून तो आत शिरतो.

यातून पाच कलमे ठरली: धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणे, गाय आटवताना कासेत प्रतिजैविक सोडणे, आजारी गाईवर लगेच उपचार, वारंवार आजारी पडणारी गाय कळपातून काढणे आणि यंत्राची देखभाल. ब्रिटनमध्ये १९६७ च्या सुमारास शंभर गाईंमागे वर्षाला सुमारे १२० वेळा हा रोग होई. १९८२ पर्यंत हे प्रमाण ४० च्या आसपास आले.

तरी रोग संपला नाही. हाताने पसरणारे जंतू हटले, तसे शेण, चिखल आणि ओल्या अंथरुणातले ई. कोलायसारखे जंतू पुढे आले. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या धास्तीने युरोपीय संघाने २०२२ पासून निरोगी जनावरांना ही औषधे सरसकट देणेही थांबवले. म्हणजे भिस्त पुन्हा कोरड्या गोठ्यावर आणि स्वच्छ हातांवरच आली.

धार काढून झाली की गाईपुढे वैरण टाकावी, म्हणजे ती लगेच बसत नाही, असा सल्ला देतात. तो का, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.