मेहेरबानीचा संसार

वर्गात नकाशा टांगला, की माझे बोट व्हँकूव्हरवर हटकून थांबते. तिथल्या लाकडाच्या गिरण्यांत पंजाबी गडी राबत होते. बायकामुले मात्र गावी. १९०८ साली कॅनडाने नियम केला : मायदेशी काढलेल्या एकाच तिकिटावर, वाटेत न थांबता येईल त्यालाच प्रवेश. तसे तिकीट हिंदुस्थानात मिळतच नसे! ‘बायको आणू नका’ असे न म्हणता दार बंद झाले. १९१२ साली भागसिंग व बलवंतसिंग यांच्या कुटुंबांना परत धाडण्याचा हुकूम सुटला. ओरड झाली, तेव्हा ‘मेहेरबानी म्हणून’ त्यांना राहू दिले. इतरांना बायकामुले आणण्याची मुभा १९१९ साली मिळाली. मुलांकडून मी सनावळ्या घोकून घेतो. पण संसार हा हक्क की मेहेरबानी, हा प्रश्न कोणत्या पेपरात घालू?