कमळाचा भाऊबंद चिनार

आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. कमळ, तळ्यातली कुमुदिनी आणि काश्मीरचा चिनार. या तिघांत जवळचं नातं कोणाचं?

तुम्ही म्हणाल, यात कोडं कसलं? कमळ आणि कुमुदिनी! दोन्ही पाण्यातली, दोन्हींची पानं गोल, दोन्हींच्या पाकळ्या थरावर थर. मीही तेच म्हणायचो. मीच कशाला, खुद्द लिनियस तेच म्हणत होता. १७५३ साली त्याने कमळाचं नावच मुळी ‘निम्फिया नेलुम्बो’ असं ठेवलं, म्हणजे कमळाला सरळ कुमुदिनीच्या घरात नेऊन बसवलं. पुढे १८६२ ते १८८३ या काळात बेंथम आणि हूकर यांचा मोठा ग्रंथ आला, त्यातही दोघं एकाच कुळात. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जो ग्रंथ लिहिला, तोही याच चौकटीत. आपल्याकडे वनस्पतिशास्त्र शिकलेल्या कितीतरी पिढ्यांनी बेंथम-हूकर पाठ केलाय. ब्लेडने फूल उभं कापायचं, पुंकेसर मोजायचे, सूत्र लिहायचं, कूळ ओळखायचं.

आता एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हे डोळ्यांचं शास्त्र काही आंधळं नव्हतं. कमळाच्या परागकणाला तीन चिरा असतात आणि कुमुदिनीच्या परागकणाला एकच, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं. त्यामुळे काही जणांनी कमळाला वेगळं कूळ देऊनही टाकलं होतं. पण वेगळं काढून ठेवायचं कुठे? याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

ते उत्तर आलं पानातून. हिरव्या पानात रुबिस्को नावाचं एक प्रथिन असतं, हवेतला कार्बन पकडणारं. त्याच्या मोठ्या भागाची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, त्याचं नाव आरबीसीएल. लांबी साधारण १,४०० अक्षरं. हेच जनुक का निवडलं? एक तर ते हरितलवकात असतं, आणि एका पेशीत हरितलवकाच्या डीएनएच्या भरपूर प्रती असतात, त्यामुळे हाती लागायला सोपं. दुसरं म्हणजे ते हळूहळू बदलतं. फार भराभर बदलणारं जनुक घेतलं तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खुणा पुसून गेलेल्या असतात.

खुणा म्हणजे काय, ते पोथ्यांवरून सांगतो. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, कारण नकला करता करता पाठ बिघडत गेले होते. आता समजा, दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक आहे. तर त्या दोन्ही एकाच जुन्या प्रतीवरून उतरवल्या असण्याची शक्यता जास्त, नाही का? अशा सामाईक चुका जमवत गेलं की पोथ्यांची वंशावळ लागते. जनुकाचं तसंच. फक्त इथे नकलाकार म्हणजे पेशी.

तर १९९३ साली मिसुरी बोटॅनिकल गार्डनच्या नियतकालिकात एक निबंध आला. पहिलं नाव मार्क चेस यांचं, पण एकूण लेखक ४२! त्यांत पामेला आणि डग्लस सोल्टिस हे दांपत्यही होतं. पीसीआरचं तंत्र तेव्हा जेमतेम दहा वर्षांचं. पानं टिकवायला सिलिका जेल, तेच हो, बुटांच्या खोक्यात पुडी मिळते ते. एवढ्या भांडवलावर या लोकांनी आरबीसीएलच्या ४९९ नोंदी एकत्र आणल्या आणि संगणकाला सांगितलं, कमीत कमी बदलांत बसेल अशी वंशावळ काढ. हे काम सोपं नाही, कारण एवढ्या नावांच्या संभाव्य वंशावळी मोजण्यापलीकडे असतात. १९९७ साली दुसऱ्या एका गटाने हीच माहिती घेऊन जवळजवळ वर्षभराचा संगणकवेळ खर्ची घातला, तेव्हा आधीपेक्षाही कमी बदलांच्या वंशावळी सापडल्या.

पण कमळाचा निकाल काही बदलला नाही. कमळ गेलं चिनाराच्या शेजारी! आणि सोबतीला कोण, तर चहाच्या मळ्यांत सावलीला लावतात तो सिल्व्हर ओक आणि त्याचं गणगोत. कुमुदिनी राहिली खूप लांब, फुलझाडांच्या अगदी बुडाजवळ. कमळ आणि कुमुदिनी सारखी दिसतात, ती पाण्यात राहून.

इथे थांबलो तर गोष्ट फारच गोड होईल. त्या १९९३च्या झाडाच्या मुळाशी, बाकी सगळ्या फुलझाडांपासून सर्वांत आधी वेगळी झालेली म्हणून, एक पाणवनस्पती बसली होती. नाव सेरॅटोफिलम, माशांच्या टाकीत सोडतात ती. आणि हे चुकलं होतं. एकाच जनुकावर भिस्त ठेवली की असं होतं. त्यातून फुलझाडांचे जवळचे म्हणावेत असे जिवंत नातेवाईक म्हणजे सूचिपर्णी, सायकस वगैरे, तेही फार दूरचे. मग मूळ कुठे, हे ठरवताना गफलत होते.

१९९९ साली वेगवेगळ्या गटांनी अनेक जनुकं घेऊन तपासलं. मॅथ्यूज आणि डॉनह्यू यांची युक्ती मला सर्वांत आवडते. फुलझाडांच्या पूर्वजातच एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या होत्या. त्यांनी एका प्रतीच्या वंशावळीचं मूळ दुसऱ्या प्रतीवरून शोधलं, म्हणजे बाहेरचा साक्षीदार लागलाच नाही. सगळ्यांची बोटं एकाच दिशेला गेली. न्यू कॅलेडोनिया बेटावरचं अँबोरेला नावाचं एक झुडूप. जगात फक्त तिथेच उगवतं, फुलं बारीक, पिवळट पांढरी. रस्त्यात दिसलं तर दुसऱ्यांदा बघणारही नाही कुणी. कुमुदिनीची शाखाही तिथेच आसपास फुटते. ती अँबोरेलाच्या जोडीने फुटली की नंतर, यावर मात्र पुढेही वाद झाले. सेरॅटोफिलमची नेमकी जागाही अजून थोडी डळमळते.

दरम्यान १९९८ साली या मंडळींनी नवं वर्गीकरण छापलं, एपीजी या गटाच्या नावाने. त्याच्या सुधारित आवृत्त्या २००३, २००९ आणि २०१६ साली आल्या. शेवटच्या आवृत्तीत ६४ गण आणि ४१६ कुळं आहेत. आपल्या अंगणातही उलथापालथ झालीच. काटेसावरीचं स्वतंत्र कूळ गेलं, ती आता कापूस, भेंडी, जास्वंदीच्या कुळात. साग आणि तुळस एका कुळात! जुन्या नामफलकांवर आणि गाइडांत अजून जुनीच नावं दिसतात, आणि विद्यार्थ्यांची पंचाईत होते. कोणतं लिहायचं? त्यांचा राग मला समजतो.

आणि शेवगा, पपई, मोहरी हे तिघं एका गणात आले. याची कुणकुण डालग्रेन या शास्त्रज्ञाला १९७५ सालीच लागली होती, तीही डीएनएशिवाय, झाडांतल्या मोहरीसारख्या झणझणीत द्रव्यांवरून. पटत नसेल तर पुढच्या वेळी पपई कापाल तेव्हा एक काळी बी चावून बघा.