गळ्यावरची गाठ आणि तपासणारा हात

१/ मुलाच्या मानेवर हाताला गाठ लागली, तर आज आईवडील बालरोगतज्ज्ञाकडे जातात. १८९७ च्या मुंबई-पुण्यात मात्र अशाच गाठीवरून मूल घरी राहणार की प्लेगच्या इस्पितळात जाणार, हे ठरू शकत होते. या निदानाचा हा इतिहास. #थ्रेड #इतिहास

२/ गाठीगाठींत भेद करण्याची परंपरा जुनी आहे. चरकसंहितेत गळ्याच्या बाजूची एकच गाठ म्हणजे गलगंड व अनेक गाठींची माळ म्हणजे गंडमाळा, असा फरक केला आहे. हळूहळू वाढणाऱ्या, कधी फुटून वाहणाऱ्या गंडमाळांपैकी अनेक क्षयाच्या असतात. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवल्यावर हे सिद्ध करता येऊ लागले.

३/ सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले. मराठी वृत्तपत्रांनी त्याला 'ग्रंथिक सन्निपात' म्हटले. पिसवा बहुधा पायांना चावत असल्याने गाठ जांघेत येई. मुलांमध्ये मात्र मानेत व काखेत ती तुलनेने अधिक आढळे.

४/ ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. रेल्वेचे प्रवासी उतरवून तपासले जाऊ लागले. पुण्यात मार्चपासून गोरे सैनिक घरोघरी शिरले. मान, काख, जांघ चाचपणे हीच तपासणी होती.

५/ तिची मर्यादा उघड होती. गाठ आहे एवढेच हात सांगतो. ती का आली हे सांगत नाही. डोक्यातील फोड, किडका दात किंवा घशाचा संसर्ग यांनीही मुलांच्या मानेत गाठी येतात, तापही येतो. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता, पण सूक्ष्मदर्शक प्रत्येक उंबरठ्यावर पोहोचणे अशक्य होते. संशय पुरेसा ठरू लागला, तेव्हा लोक आजारी माणसे लपवू लागले. साथ आटोक्यात आणण्याच्या उपायानेच साथ झाकली गेली.

६/ त्याच काळात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हात तेथेही रोग्याला लागला होता; पण तो उचलण्यासाठी पुढे आला होता.

७/ आज मुलांच्या मानेतील बहुतेक गाठी साध्या संसर्गाच्या असतात व काही आठवड्यांत ओसरतात. काही जन्मजात असतात. क्षय अजूनही आहे. क्वचित ती लसीकाग्रंथींच्या कर्करोगाची खूण असते. सोनोग्राफी, सुईने काढलेल्या पेशी आणि बायॉप्सी यांतून हा निवाडा होतो. ज्या टाटा स्मारक रुग्णालयाची सुरुवात १९४१ मध्ये परळला झाली, त्याचे संशोधन व उपचार केंद्र आज नवी मुंबईत खारघरला आहे.

८/ न दुखणारी, कठीण, वाढत जाणारी किंवा गळपट्टीच्या हाडावरची गाठ लवकर दाखवावी, असे आजचे वैद्यक सांगते. त्यासाठी आईला दवाखान्याची भीती वाटता कामा नये. १८९७ मध्ये नेमकी तीच भीती घरोघर होती.