टर्बोवरचा अंकुश : बूस्ट दाबाच्या नियंत्रणाचा इतिहास

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंबरोबर इंधनातील ऊर्जेचा मोठा वाटा वाया जातो. या वायूंच्या जोरावर एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राच्या बळावर सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबावी, ही टर्बोचार्जरची मूळ कल्पना असून स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या वायूंवर फिरणाऱ्या चक्राला टर्बाइन, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या व हवा दाबणाऱ्या चक्राला कॉम्प्रेसर आणि वातावरणाच्या दाबापेक्षा जितक्या जादा दाबाने हवा इंजिनात शिरते त्या दाबाला बूस्ट म्हणतात. टर्बोचा इतिहास बहुधा वाढत्या अश्वशक्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु हे यंत्र रस्त्यावरच्या वाहनात रुळले ते बूस्टला आवर घालणाऱ्या साधनांमुळे, आणि या साधनांनी टर्बोला मर्यादा घातली त्याचबरोबर त्याला चपळही केले, हे त्या इतिहासाचे सर्वांत महत्त्वाचे सूत्र आहे.

आवर घालण्याची गरज यंत्राच्या रचनेतूनच उद्भवते. बूस्ट वाढला की सिलिंडरमध्ये अधिक इंधन जाळता येते, अधिक इंधन जळले की बाहेर पडणाऱ्या वायूंचा जोर वाढतो, त्या जोराने टर्बाइन आणखी वेगाने फिरते आणि बूस्ट पुन्हा चढतो. हे आवर्तन मोकळे सोडले तर पेट्रोल इंजिनात ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेट घेते, या क्रियेला नॉकिंग म्हणतात, आणि ती लांबली तर दट्ट्या वितळण्यापर्यंत वेळ येते. जहाजे आणि वीजकेंद्रे यांच्या मोठ्या डिझेल इंजिनांत हा प्रश्न फारसा तीव्र नव्हता, कारण ती इंजिने तासन्‌तास जवळपास एकाच वेगाने चालत आणि त्या वेगाला जुळेल अशा मापाचे टर्बाइन निवडले की काम भागत असे.

नियंत्रणाचा प्रश्न प्रथम ठळकपणे पुढे आला तो विमानांमुळे. उंचीवर हवा विरळ होत जाते आणि त्या प्रमाणात इंजिनाची शक्ती घटते. ही घट भरून काढण्यासाठी फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो याने पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानाच्या इंजिनावर टर्बो बसवला, तर अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या सॅनफर्ड मॉस याने १९१८ मध्ये लिबर्टी हे विमानाचे इंजिन कोलोराडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर नेऊन तेथे चाचणी घेतली. सखल प्रदेशात सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर टर्बोविना २३० वर आले आणि टर्बो जोडताच पुन्हा ३५० च्या पुढे गेले. मात्र उंचीवर पुरेसा ठरणारा टर्बो जमिनीलगतच्या दाट हवेत इंजिनाला झेपणार नाही इतका दाब निर्माण करू शकत होता. म्हणून काही वायू टर्बाइनला वगळून थेट बाहेर सोडणारी झडप बसवण्यात आली, आणि विमान जसजसे वर चढे तसतशी ती वैमानिक मिटत नेई. हीच झडप पुढे वेस्टगेट या नावाने सर्वत्र ओळखली जाऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धातील बी-१७ या चार इंजिनी बॉम्बफेकी विमानात ही जबाबदारी आरंभी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या नियंत्रकांकडे होती, परंतु उंचीवरच्या कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होऊन ते अनियमितपणे चालत. युद्धाच्या उत्तरार्धात त्यांची जागा मिनियापोलिस-हनीवेल कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांनी घेतली आणि चारही इंजिनांचा बूस्ट एकाच बटनाने ठरवता येऊ लागला. बूस्टचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण मोटारीत येण्याच्या कितीतरी आधी विमानात कसोटीला उतरले होते, ही गोष्ट सहसा नोंदवली जात नाही.

मोटारीच्या बाबतीत १९६२ हे वर्ष निर्णायक ठरले, कारण त्या वर्षी जनरल मोटर्सच्या दोन शाखांनी एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे बाजारात आणली. शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडरच्या टर्बोला वेस्टगेट नव्हते. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर यांतून होणारा अडथळाच बूस्टला वेसण घालील असे गणित तेथे मांडले होते. ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये मात्र वेस्टगेट होते, आणि १०.२५ इतके उंच संपीडन गुणोत्तर (सिलिंडरमध्ये मिश्रण जितक्या पट दाबले जाते ते प्रमाण) राखूनही नॉकिंग टाळावे म्हणून पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण हवेबरोबर फवारले जाई. या मिश्रणाची टाकी रिकामी झाली की बूस्ट घटवणारी एक झडपही गाडीत होती. रचना चतुर होती, तरी ती चालकाने वेळच्या वेळी टाकी भरण्यावर अवलंबून होती, आणि अनेक मालकांनी ते केले नाही. दोनच वर्षांत, दहा हजारांहून कमी गाड्या तयार झाल्यावर, जेटफायरचे उत्पादन थांबले.

वेस्टगेटचे खरे सामर्थ्य ओळखले ते युरोपीय अभियंत्यांनी. पोर्शेने कॅन-ॲम शर्यतींसाठी ९१७ या गाडीच्या बारा सिलिंडरच्या इंजिनाला टर्बो जोडले तेव्हा प्रचंड शक्ती मिळवण्यापेक्षा ती चालकाच्या पायाखाली वेळेवर उपलब्ध करणे अधिक कठीण असल्याचे दिसून आले. वेग घेण्यासाठी पेडल दाबल्यापासून टर्बाइनने गती घेईपर्यंत जाणाऱ्या या विलंबाला टर्बो लॅग म्हणतात. टर्बाइन मोठे असेल तर ते इंजिनाच्या उच्च वेगालाही अतिरेकी दाब देत नाही, परंतु मंद वेगात ते जागे होत नाही. लहान टर्बाइन लवकर फिरते, पण वरच्या वेगात बूस्ट मर्यादेबाहेर नेते. वेस्टगेट हाताशी असले की लहान टर्बाइन निर्धास्तपणे निवडता येते, कारण वरच्या वेगातील अतिरेक झडपेतून सोडून देता येतो. या अनुभवाचा लाभ १९७४ मध्ये सादर झालेल्या पोर्शे ९११ टर्बोला मिळाला. पुढे साब कंपनीने १९७७ मध्ये ९९ टर्बो सादर करताना कौटुंबिक गाडीचा चालक इंजिन क्वचितच कमाल वेगाने फिरवतो हे ध्यानात घेऊन टर्बो मुद्दाम लहान ठेवला आणि दोन लिटरच्या इंजिनातून १४५ अश्वशक्ती मिळवली.

या काळातले वेस्टगेट पूर्णतः यांत्रिक होते. एका डबीतील लवचीक पडद्याच्या एका बाजूला स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूला बूस्टचा दाब असे, आणि दाबाने स्प्रिंगवर मात केली की पडद्याला जोडलेली दांडी झडप उघडी. स्प्रिंगला मात्र इंधनाची प्रत कळत नाही आणि हवेचे तापमानही कळत नाही, त्यामुळे सर्वांत वाईट परिस्थिती गृहीत धरून बूस्ट ठरवावा लागे. १९८० च्या दशकाच्या आरंभी साबने पेर यिलब्रांड या अभियंत्याच्या पुढाकाराने आणलेल्या एपीसी प्रणालीने ही अडचण दूर केली. इंजिनाच्या ठोकळ्यावरील संवेदक नॉकिंगची कंपने टिपी आणि त्यानुसार विजेवर चालणारी सोलेनॉइड झडप पडद्यापर्यंत पोहोचणारा दाब कमी-अधिक करी, त्यामुळे चांगले पेट्रोल असेल तेव्हा बूस्ट वाढे आणि हलके असेल तेव्हा आपोआप उतरे.

याच सुमारास फॉर्म्युला वन शर्यतींत नियंत्रणाचा विषय नियमांच्या कक्षेत आला. रेनॉने १९७७ मध्ये दीड लिटरचे टर्बो इंजिन मैदानात उतरवल्यानंतर दशकभरात अशा इंजिनांची शक्ती पात्रता फेरीत हजार अश्वशक्तीपलीकडे गेली. तेव्हा नियामक संस्थेने १९८७ मध्ये ठरावीक दाबाला आपोआप उघडणारी पॉप-ऑफ झडप सक्तीची करून एकूण दाब ४ बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे चौपट, इतका सीमित केला, १९८८ मध्ये तो २.५ बारवर आणला आणि १९८९ पासून टर्बोवरच बंदी घातली. तरीही १९८८ मध्ये होंडाचे टर्बो इंजिन असलेल्या मॅकलरेनने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या, यावरून कमी दाबातही कुशल अभियंता किती साधू शकतो हे सिद्ध झाले.

नियंत्रणाचा पुढचा टप्पा डिझेल गाड्यांत गाठला गेला. टर्बाइनभोवती हलणारी पाती बसवून वायूंचा मार्ग मंद वेगात अरुंद आणि उच्च वेगात रुंद करणाऱ्या बदलत्या रचनेच्या टर्बोला व्हीजीटी म्हणतात. त्यात वायू वाया न घालवता बूस्ट आवरता येतो. डिझेलचे वायू पेट्रोलच्या मानाने कमी तप्त असल्याने पाती तेथे टिकली, म्हणून १९९१ मध्ये फियाट क्रोमाच्या आणि पुढे फोक्सवॅगनच्या डिझेल इंजिनांत हे तंत्र रुजले, तर पेट्रोलवरच्या पोर्शे ९११ टर्बोत ते उष्णतारोधक मिश्रधातूंच्या साहाय्याने २००६ मध्ये आले. महाराष्ट्रात रांजणगावच्या कारखान्यातील फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनाच्या दोन आवृत्त्या या फरकाचे उत्तम उदाहरण ठरतात : स्थिर रचनेच्या टर्बोसह ते सुमारे ७५ अश्वशक्तीचे होते, तर व्हीजीटीसह सुमारे ९० अश्वशक्तीचे झाले. नाशिकला तयार होणाऱ्या स्कॉर्पिओ गाडीच्या एमहॉक या डिझेल इंजिनानेही व्हीजीटीच स्वीकारला.

आज बूस्ट किती असावा हे इंजिनाचा संगणक ठरवतो, आणि तो निर्णय घेताना हवेचे तापमान, समुद्रसपाटीपासूनची उंची, नॉकिंगची चाहूल, टर्बोचा वेग आणि प्रदूषणाचे निकष या साऱ्यांचा विचार होतो. गाडीची शक्ती वाढवण्यासाठी ही मर्यादा सॉफ्टवेअर बदलून उचलून देण्याची प्रथा अलीकडे सर्वत्र पसरली आहे. परंतु ती मर्यादा म्हणजे उत्पादकाने राखून ठेवलेली शिल्लक नव्हे. इंधन, धातू आणि उष्णता यांच्याविषयी शंभर वर्षांत जमा झालेल्या अनुभवाचा तो निष्कर्ष आहे, आणि त्यात बदल करू पाहणाऱ्याने आधी त्या प्रत्येक घटकाचा हिशोब नव्याने मांडणे आवश्यक आहे.