बेवारस ठेवी व शासन (धाराशिव जिल्हा)

बेवारस ठेवी व शासन : बँकेत ठेवलेल्या पण दीर्घकाळ कोणीही परत न मागितलेल्या रकमांना बेवारस किंवा दावा न केलेल्या ठेवी असे म्हणतात. भारतात बचत वा चालू खात्यावर खातेदाराने दोन वर्षे कोणताही व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय ठरते. हीच स्थिती दहा वर्षे राहिल्यास त्यातील शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या एका स्वतंत्र निधीत वर्ग होते. मुदत ठेवीच्या बाबतीत ही दहा वर्षे मुदत संपल्यापासून मोजतात. अशा पैशाचा विनियोग शासनाने करावा काय आणि केल्यास मूळ मालकाच्या हक्काचे काय होते, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या दृष्टीने त्याला विशेष महत्त्व आहे. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, पुढे मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. एकाच पिढीच्या हयातीत येथील शासन व चलन बदलले आणि बँकेचे नावही बदलले. त्यामुळे जुन्या ठेवींचा माग काढणे इतर जिल्ह्यांहून येथे अधिक कठीण झाले.

पूर्वपीठिका : धनी न सापडलेल्या द्रव्याविषयी प्राचीन धर्मशास्त्रात स्पष्ट नियम आढळतात. मनुस्मृतीनुसार असे द्रव्य राजाने तीन वर्षे सांभाळावे, त्या अवधीत धनी आल्यास ओळख पटवून ते त्याला द्यावे आणि त्यानंतरच राजाने ते घ्यावे. इंग्रजी विधीतही वारस नसलेली व धनी नसलेली संपत्ती राजाकडे जाते. भारतीय संविधानाच्या २९६ व्या अनुच्छेदाने हाच अधिकार संघराज्य व घटक राज्ये यांना दिला आहे. तथापि ‘धनी नसणे’ आणि ‘धन्याने न मागणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. बँकेतील ठेव म्हणजे बँकेने ठेवीदाराचे देणे असलेले ऋण होय. १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार मागणी होताच परत करावयाच्या ठेवीबाबत दावा करण्याची तीन वर्षांची मुदत ठेव ठेवल्यापासून नव्हे, तर मागणी केल्यापासून सुरू होते. म्हणून केवळ काळ लोटल्याने अशा ठेवीवरील ठेवीदाराचा हक्क बुडत नाही.

१९५७ चे दोन निवाडे : शासनाच्या अधिकाराची मर्यादा ठरविणारा महत्त्वाचा निर्णय मुंबई राज्यातील एका अधिनियमासंबंधी झाला. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियमान्वये कामगारांना देय असलेले परंतु तीन वर्षे न दिले गेलेले वेतन व बोनस यांच्या रकमा कल्याण निधीत जमा करण्याची तरतूद होती. हेतू लोकोपयोगी होता; या निधीतून कामगारांसाठी वाचनालये, समाजकेंद्रे, शिक्षण इ. सोयी करावयाच्या होत्या. बॉम्बे डाइंग कंपनीने या तरतुदीला आव्हान दिले आणि २० डिसेंबर १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न दिलेल्या वेतनासंबंधीची तरतूद रद्द ठरविली. मुदत संपल्याने वसुलीचा उपाय बंद होतो, ऋण नाहीसे होत नाही. कामगाराला सूचना देण्याची किंवा त्याला आपली रक्कम परत मागता येण्याची सोय त्या अधिनियमात नव्हती. त्यामुळे हा बेवारस मालमत्तेचा कायदा नसून भरपाई न देता केलेले संपादन आहे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे महाराष्ट्रात अधिनियमात दुरुस्ती होऊन सूचना प्रसिद्ध करणे व दाव्यांची चौकशी करणे यांविषयीच्या तरतुदी घालण्यात आल्या. शासनाचा हेतू चांगला असला, तरी मालकाचा शोध घेतल्याशिवाय त्याचे धन वापरता येत नाही, हे तत्त्व या प्रकरणातून स्थिर झाले.

त्याच वर्षी लंडनमध्ये हैदराबाद संस्थानाच्या एका ठेवीविषयी दुसरा निवाडा झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याची हैदराबादमधील कारवाई चालू असताना संस्थानाचे मंत्री मोइन नवाज जंग यांच्या सूचनेवरून वेस्टमिन्स्टर बँकेतील हैदराबाद शासनाच्या खात्यातून १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग एवढी रक्कम पाकिस्तानचे ब्रिटनमधील उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावे वर्ग झाली. काही दिवसांतच निजामाने ती परत मागितली. बँकेने नकार दिला. १९५४ मध्ये दावा दाखल झाला. परंतु १९५७ मध्ये ब्रिटिश उमरावसभेने परराष्ट्राच्या सार्वभौमत्वाच्या कारणावरून तो स्थगित केला. ही रक्कम त्यानंतर अनेक दशके बँकेत अडकून पडली आणि व्याजासह सु. ३.५ कोटी पौंड झाली. अखेर २ ऑक्टोबर २०१९ रोजी इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने पाकिस्तानचा दावा फेटाळला व भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला. उस्मानाबाद जिल्हा ज्या संस्थानाचा भाग होता, त्याच्या शासनाची ही ठेव ७१ वर्षांनी सुटली. कारण तिचे दावेदार ज्ञात होते, कागद शाबूत होते आणि वकिलांचा खर्च करण्याची ऐपत होती. सामान्य ठेवीदाराजवळ यांपैकी बहुधा काहीच नसते.

ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी : १९४९ च्या बँकिंग विनियमन अधिनियमाच्या २६ व्या कलमान्वये दहा वर्षे न वापरलेल्या खात्यांचे विवरण बँकांनी दरवर्षी रिझर्व्ह बँकेला सादर करावे लागे, मात्र रक्कम बँकेकडेच राही व तिचा लाभ बँकेलाच मिळे. २०१२ च्या दुरुस्तीने २६ अ हे कलम आले आणि २४ मे २०१४ रोजी ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीची योजना अधिसूचित झाली. सहकारी बँकांनाही ती लागू आहे. हा निधी शासनाच्या तिजोरीत जात नाही. तो रिझर्व्ह बँकेकडे असतो व ठेवीदारांच्या हितासाठीच वापरावयाचा असतो. वर्ग झालेली ठेव ठेवीदार वा वारस आपल्या बँकेकडे केव्हाही मागू शकतो. बँक ती देते व नंतर निधीतून भरून घेते. व्याज देणाऱ्या ठेवींवर निधीतील काळासाठीही व्याज मिळते. त्याचा दर प्रारंभी ४ टक्के होता, तो जुलै २०१८ पासून ३.५ टक्के व ११ मे २०२१ पासून ३ टक्के करण्यात आला. ३१ मार्च २०२४ रोजी या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते.

याहून वेगळी व्यवस्था २०१५ च्या वित्त अधिनियमाने स्थापन झालेल्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीची आहे. अल्पबचत योजना, भविष्य निर्वाह निधी, विमा इत्यादींतील न मागितलेल्या रकमा त्यात जमा होतात व केंद्र शासन त्यांचा विनियोग वृद्धांच्या कल्याणासाठी करते. येथेही दावा करता येतो. परंतु रक्कम वर्ग झाल्यापासून २५ वर्षांत तो न झाल्यास ती केंद्र शासनाची होते. डाकघरात बचत करणाऱ्या ग्रामीण कुटुंबांना हा भेद माहीत असणे आवश्यक आहे : बँकेतील ठेवीला अशी अखेरची मुदत नाही, डाकघरातील अल्पबचतीला ती आहे.

धाराशिव जिल्ह्यातील अडचणी : हैदराबाद संस्थानाचे हाली सिक्का हे स्वतंत्र चलन होते. त्याच्या व्यवस्थापनासाठी १९४१ च्या अधिनियमान्वये हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. १९५६ मध्ये तिचे स्टेट बँक ऑफ हैदराबाद असे नामकरण झाले, १९५९ मध्ये ती भारतीय स्टेट बँकेची दुय्यम बँक बनली आणि १ एप्रिल २०१७ रोजी त्याच बँकेत विलीन झाली. हाली सिक्क्यात आजोबांनी उघडलेल्या खात्याची चौकशी नातवाला आता वेगळ्या नावाच्या बँकेत करावी लागते. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाल्याने अनेक गावांचा जिल्हा बदलला आणि २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचेच नाव धाराशिव झाले. जुन्या पासबुकांवरील पत्ता व आजचा पत्ता यांचा मेळ त्यामुळे सहजी बसत नाही. ठेवीसाठी नामनिर्देशन करण्याचे नियम १९८५ चे आहेत. त्यापूर्वीच्या खात्यांसाठी वारसास न्यायालयाचे प्रमाणपत्र वा तत्सम पुरावा आणावा लागतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीबरोबरच या जिल्ह्यातील सास्तूर व आसपासच्या गावांची मोठी हानी झाली. अशा आपत्तीत ठेवीदार, पासबुक आणि ठेवीची माहिती असणारे नातलग एकाच वेळी नाहीसे होऊ शकतात. गावाचे पुनर्वसन झाल्यावर जुन्या पत्त्यावर धाडलेली बँकेची सूचना कोणालाच पोहोचत नाही. ऊसतोडीसाठी वा शहरात मजुरीसाठी होणारे स्थलांतर हेही खाती निष्क्रिय होण्याचे एक कारण आहे.

शोधाची साधने : १७ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले, त्यावर अनेक बँकांतील बेवारस ठेवी एकत्र शोधता येतात. शोधासाठी नावासोबत पॅन, मतदार ओळखपत्र, जन्मतारीख इत्यादींपैकी एक तपशील किंवा पत्ता लागतो. जुन्या खात्यांत ओळखपत्रांची नोंद नसल्याने पत्ताच उरतो, आणि तो उस्मानाबाद या नावानेही तपासणे इष्ट ठरते. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या काळात केंद्र शासनाने ‘आपकी पूंजी, आपका अधिकार’ या मोहिमेखाली देशभर जिल्हावार शिबिरे घेतली.

राजाने धन्याची वाट पाहावी, हा जुना नियम आजच्या कायद्याने अधिक उदार केला असून बँक ठेवीसाठी प्रतीक्षेची मर्यादाच काढून टाकली आहे. तथापि १९५७ च्या निवाड्याने घातलेली अट केवळ प्रतीक्षेची नव्हती, तर मालकाला कळविण्याचीही होती. ज्या जिल्ह्यात बँकेचे, गावाचे व जिल्ह्याचे नाव बदलले आहे, तेथे गावोगाव जाऊन याद्या वाचून दाखविल्याशिवाय ही अट खऱ्या अर्थाने पुरी होत नाही. तसे न झाल्यास ठेवीदाराचा हक्क कायद्यात अबाधित राहूनही व्यवहारात निष्फळ ठरण्याचा धोका आहे.